वनस्पतिजन्य अर्कांद्वारे गोचीड नियंत्रण

गाय, म्हैस, शेळी व कुत्रा यांच्या अंगावरील गोचिडांचा बंदोबस्त करण्यासाठी वनस्पतींची पाने, बिया, कंद किंवा तेल यांपासून काढलेले अर्क वापरण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावली जाते. गोचीड केवळ रक्त शोषत नाही, तर रोगही पसरवते. भारतात हायलोमा प्रजातीच्या गोचिडांमुळे थायलेरिओसिस हा रक्तातील सूक्ष्म परजीवींचा आजार, तर ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या जातीच्या गोचिडांमुळे बबेसिओसिस हा लाल लघवीचा आजार फैलावतो. खिल्लार, डांगी यांसारख्या देशी गुरांपेक्षा होल्स्टीन आणि जर्सी संकरित गाईंना गोचिडांचा उपद्रव अधिक होतो.

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारख्या रासायनिक औषधांना अनेक ठिकाणी गोचीड दाद देईनाशी झाली असून आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचे अंश दुधात उतरतात. त्यामुळे वनस्पतींकडे पुन्हा लक्ष वळले. अर्थात, डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन ही औषधे ज्या पायरेथ्रिनच्या धर्तीवर बनली, ते मुळात शेवंतीच्या कुळातील एका फुलातून मिळते.

महाराष्ट्रात सर्वाधिक वापर कडुनिंबाचा होतो. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कात टाकण्याच्या आणि अंडी तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. म्हणूनच निंबोळी अर्क फवारल्यावर गोचिडे लगेच टपाटप गळून पडत नाहीत. गुण दिसतो तो पुढच्या पिढीची संख्या घटण्यात. तात्काळ परिणामाची अपेक्षा ठेवणाऱ्या पशुपालकाला हे औषध कुचकामी वाटते, ते बहुधा यामुळेच. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होत असल्याने फवारणी संध्याकाळी करणे श्रेयस्कर ठरते. करंजाचे तेल, सीताफळाच्या बिया, वेखंड, निरगुडी आणि घाणेरी यांचाही उपयोग केला जातो. सीताफळाच्या बियांमधील ॲसिटोजेनिन द्रव्ये पेशींतील ऊर्जानिर्मिती रोखतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेल्या पारंपरिक पशुउपचारांत लसूण, कडुनिंब, वेखंड, हळद, घाणेरी आणि तुळस एकत्र वाटून व गाळून अंगावर फवारण्याचा उपाय आहे.

अर्काची परिणामकारकता प्रयोगशाळेत दोन प्रकारे तपासतात. पहिल्या प्रकारात रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या अर्कात बुडवून त्यांनी घातलेल्या अंड्यांचे वजन नोंदवतात, तर दुसऱ्यात अर्क लावलेल्या कागदाच्या पुडीत सहा पायांच्या अळ्या ठेवून मृत्यूचे प्रमाण मोजतात. यांतील आशादायक निष्कर्ष गोठ्यात मात्र अनेकदा टिकत नाहीत, कारण चाचणीतला अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि शेतकरी पाने पाण्यात कुटतो. शिवाय बी कोणत्या झाडाचे, कोणत्या हंगामातले व किती दिवस साठवलेले, यावर त्यातील क्रियाशील द्रव्याचे प्रमाण बदलते.

केवळ जनावराच्या अंगावर फवारून भागत नाही. मादी जमिनीवर उतरून हजारो अंडी घालते आणि हायलोमाची पिल्ले भिंतींच्या फटींत कात टाकतात. म्हणून कान, गळ्याखालची पोळी, कास आणि शेपटीखालची जागा यांबरोबरच गव्हाण, भेगा व कोपरे यांवरही फवारणी करावी लागते आणि ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन त्वचेतून शोषले जाऊन जनावराला विषबाधा होऊ शकते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. उवांसाठी ती डोक्याला लावणाऱ्या माणसांतही असे प्रकार आढळले आहेत. घाणेरीची पाने गुरांनी खाल्ल्यास यकृत बिघडते व उन्हात कातडी सोलवटते, त्यामुळे वाटून उरलेला चोथा गव्हाणीजवळ टाकू नये.