आरमधलं एस३ आणि एस४: क्लासची खात्री कोण करतं?

जावा किंवा सी प्लस प्लस शिकून आकडेवारीच्या विश्लेषणासाठीच्या आर या भाषेकडे वळलेला माणूस आधी अडखळतो तो मेथड, म्हणजे एखाद्या क्लाससाठी (ऑब्जेक्टच्या प्रकारासाठी) लिहिलेला कोड, कुणाची या प्रश्नावर. तिकडे मेथड क्लासमध्ये लिहिलेली असते. आरच्या एस३ आणि एस४ या क्लास आणि ऑब्जेक्ट हाताळण्याच्या दोन्ही पद्धतींत ती फंक्शनची असते. ‘समरी’सारखं जेनेरिक फंक्शन समोर आलेल्या ऑब्जेक्टचा क्लास बघतं आणि योग्य त्या मेथडकडे काम सोपवतं, तेही प्रोग्रॅम चालू असताना. जावातल्या ओव्हरलोडिंगचा (एकाच नावाच्या अनेक मेथडांचा) निवाडा कंपाइल होतानाच लागतो, तसं इथे नाही. इथपर्यंत दोन्हींचं सारखंच चालतं, म्हणून गल्लत होते.

दोन्ही पद्धती बेल लॅब्जच्या एस भाषेतल्या. जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी एस३ १९९२च्या सुमारास आणलं, एस४ १९९८च्या. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या आरने पुढे दोन्ही घेतली.

एस३मध्ये क्लास म्हणजे ऑब्जेक्टला चिकटवलेलं नाव, बस्स. एखादी साधी लिस्ट घ्या आणि तिचा क्लास ‘एलएम’ (लिनिअर मॉडेलचा क्लास) ठेवा. आर हूं की चूं करत नाही. पुढे तिच्यावर ‘समरी’ चालवलीत की मगच एरर येतो, आणि मूळ दोष लेबलात आहे हे त्या एररवरून कळेलच असं नाही. मेथडही नावावरूनच ओळखली जाते: जेनेरिकचं नाव, टिंब, क्लासचं नाव. त्यामुळे ‘टी.डेटा.फ्रेम’ ही डेटा फ्रेमची, म्हणजे तक्त्याची, आडवी-उभी अदलाबदल करणारी ‘टी’ची मेथड असते, आणि तशाच धाटणीचं ‘टी.टेस्ट’ मात्र मेथड नसून स्वतःच एक जेनेरिक असतं. नुसतं नाव वाचून हे कुणालाही कळणार नाही. इतकं असूनही एस३ मला आवडतं, कारण आपल्या मॉडेलच्या निकालाला नीटनेटकं ‘प्रिंट’ द्यायचं तर दोन-चार ओळींत काम होतं.

एस४मध्ये क्लास आधी ‘सेटक्लास’ने जाहीर करावा लागतो, प्रत्येक स्लॉटच्या (ऑब्जेक्टमधल्या कप्प्याच्या) प्रकारासकट. समजा, पावसाच्या नोंदीचा क्लास केला: ठिकाण अक्षरी, मिलिमीटर संख्येत. पाऊस उणे नसावा ही अट ‘सेटव्हॅलिडिटी’त घातली. आता ‘न्यू’ने नोंद करताना उणे आकडा दिलात तर ती होणारच नाही. नंतर स्लॉट थेट बदलणारं @ हे चिन्ह वापरून मिलिमीटरमध्ये अक्षरं भरायला गेलात तर तेही तिथल्या तिथे अडतं. पण @ने उणे पाच भरलेत तर चालून जातं! थेट स्लॉट बदलताना आर फक्त प्रकार तपासतं, तुमची अट नाही. त्यासाठी ‘व्हॅलिडऑब्जेक्ट’ स्वतः बोलवावं लागतं. एस४ म्हणजे पूर्ण सुरक्षा, असं समजणाऱ्यांनी हे करून बघावंच.

दुसरा मोठा फरक आर्ग्युमेंटांचा. एस३ साधारणपणे एकाच आर्ग्युमेंटचा क्लास बघतं. बेरीज, तुलना अशा क्रियांत दोन्ही बाजू बघतं खरं, पण दोन्हींच्या मेथड वेगळ्या निघाल्या की अडचण होते. आजची तारीख आणि आत्ताची वेळ यांची == ने तुलना केली, तर मेथड जुळत नसल्याची वॉर्निंग येते आणि नुसते आतले आकडे ताडले जातात. तारीख १९७०पासूनचे दिवस मोजते, वेळ सेकंद मोजते. उत्तर साहजिकच निरर्थक. एस४मध्ये ‘डावीकडे हा क्लास, उजवीकडे तो’ अशा जोडीसाठी वेगळी मेथड लिहिता येते. ‘मॅट्रिक्स’ पॅकेजला विरळ (बहुतेक शून्यं असलेल्या) आणि भरगच्च मॅट्रिक्सांचे गुणाकार जोडीनुसार वेगवेगळ्या रीतीने करता येतात ते यामुळेच.

स्वतःच्या विश्लेषणापुरतं काम असेल तर मी एस३च सुचवेन. एकच डेटा-रचना अनेकांच्या पॅकेजांतून फिरणार असेल, तर एस४चा जादा खटाटोप सार्थकी लागतो. जनुकीय माहितीवर काम करणारा बायोकंडक्टर प्रकल्प एस४वर इतका भर देतो तो याच कारणाने. आणि हातातलं ऑब्जेक्ट एस४चं आहे की नाही अशी शंका आली, तर ‘इझएस४’ एका ओळीत सांगतं.