चिप-तापमान निरीक्षण, वाहनांच्या व्होल्टेज रेग्युलेटरमधील

मोटारगाडीतला विद्युतदाब ठरावीक मर्यादेत राखणाऱ्या रेग्युलेटरच्या सिलिकॉन चिपचे तापमान चिपच्या आतच मोजायचे आणि ते चढू लागले की भार कमी करायचा, इशारा द्यायचा किंवा चिप बंद करायची, अशी ही व्यवस्था आहे. गाडीत रेग्युलेटर दोन तऱ्हेचे असतात. एक अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्राच्या, पाठीला बसवलेला. मुंबईच्या गॅरेजांत त्याला ‘कटआऊट’ म्हणतात. रोटरच्या (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या) गुंडाळीतला प्रवाह कमी-जास्त करून तो १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १४ ते १४.५ व्होल्ट दाब राखतो. दुसरे छोटे रेग्युलेटर निरनिराळ्या सर्किट बोर्डांवर असतात आणि त्या दाबातून ५ किंवा ३.३ व्होल्ट काढून देतात. दोघांच्या उष्णतेचे गणित मात्र एकसारखे नाही.

बोर्डावरच्या लिनियर, म्हणजे जादा दाब उष्णतेत जिरवणाऱ्या, रेग्युलेटरचे गणित तोंडी करता येते. १४ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना ९ व्होल्ट चिपमध्येच जिरतात, प्रवाह ०.२ अँपिअर असेल तर १.८ वॅट उष्णता. चिपपासून हवेपर्यंतचा उष्णतारोध दर वॅटला ४० अंश धरला, तर चिप भोवतालच्या हवेपेक्षा ७२ अंशांनी तापते. भर उन्हात उभ्या टॅक्सीच्या डॅशबोर्डमागची हवा ७० °से.पर्यंत गेली, की चिप १४२ °से.वर पोचते. बहुतेक वाहन-चिपांची कमाल मर्यादा १५० °से. असते, म्हणजे हातात राहिले जेमतेम आठ अंश.

अल्टरनेटरवरच्या रेग्युलेटरची स्वतःची उष्णता त्या मानाने किरकोळ. रोटरला ५ अँपिअर देणाऱ्या स्विचचा रोध ०.१ ओहम असेल, तर होतात अडीच वॅट. त्रास शेजाऱ्यांचा असतो. त्याच आवरणातल्या, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून १०० अँपिअर वाहताना एका वेळी दोन डायोड वाटेत येतात आणि प्रत्येकी जवळपास एक व्होल्ट खातात, म्हणजे दोनशे वॅटच्या आसपास. शिवाय स्टेटरची (स्थिर भागाची) तांब्याची गुंडाळी तापते ती वेगळीच. हे सगळे थंड करणारा पंखा रोटरच्याच दांड्यावर असल्याने इंजिन मंद झाले की वाराही मंदावतो.

म्हणून मुंबईत या चिपची खरी परीक्षा एप्रिलच्या उन्हात होत नाही, असे म्हणायला हरकत नाही. ती होते पावसाळ्यातल्या संध्याकाळी, पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा सायन-पनवेल मार्गावर गाड्या खोळंबल्या असताना. एसी, वायपर, दिवे, काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर असे सगळे चालू, इंजिन आयडलवर, रोटरला जवळजवळ पूर्ण प्रवाह, आणि पंख्याला वेग नाही. वाहन-चिपांच्या एईसी-क्यू१०० या मानकातली सर्वांत कडक श्रेणी, श्रेणी ०, उणे ४० ते १५० °से. भोवतालच्या तापमानासाठी आहे. त्यातले थंड टोक मुंबईला कधीच लागत नाही, गरम टोक मात्र कामाचे ठरते.

मोजणी होते सिलिकॉनच्याच एका गुणधर्मावर. प्रवाह स्थिर ठेवला तर ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडावरचा दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. २५ °से.ला तो ०.६५ व्होल्ट असेल, तर १६५ °से.ला ०.३७ व्होल्ट उरतो. मग एका ट्रान्झिस्टरला कायम ०.३७ व्होल्टच द्यायचे: थंड असताना तो बंदच राहतो आणि चिप १६५ अंशांवर गेली की आपोआप चालू होऊन मुख्य ट्रान्झिस्टरला झोपवतो. चिप-रचनाकार बॉब विडलरने १९७०च्या सुमारास एलएम१०९ या रेग्युलेटरमध्ये हे संरक्षण चिपवरच आणले. ५ व्होल्ट देणाऱ्या, सर्वांच्या ओळखीच्या ७८०५ या रेग्युलेटरमध्येही ते आहे. अचूक आकडा हवा असेल, तर वेगवेगळ्या प्रवाह-घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबांतला फरक घेतात. तो निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात वाढतो. संवेदक कुठे बसवला यालाही महत्त्व आहे. एकाच चिपवर मुख्य ट्रान्झिस्टर आणि लांबचा कोपरा यांत बराच फरक पडू शकतो. म्हणून काही चिपांत दोन्हीकडे संवेदक ठेवून फरकावरही लक्ष ठेवतात.

बंद होण्याची पातळी सहसा १५० ते १७५ °से.मध्ये असते आणि चिप पुन्हा चालू होते ती दहा-वीस अंश निवल्यावर. यातून एक चकवा तयार होतो. टॅक्सीतला जीपीएस दर काही वेळाने बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. गॅरेजात बॉनेट उघडून तपासावे, तर सगळे ठणठणीत, कारण तोवर चिप निवलेली असते. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला असे एकदम बंद होणे परवडत नाही, बॅटरी उतरत जाईल. तो रोटरचा प्रवाह पायरीपायरीने कमी करतो. नव्या गाड्यांत तो लिन (LIN) या गाडीतल्या संदेशवहनाच्या वाहिनीवरून इंजिनच्या संगणकाला तापमानही कळवतो आणि संगणक भार कमी करण्याचे ठरवू शकतो.

याच तापमानाचा दुसरा उपयोग जरा वादाचा आहे. गरम बॅटरीला कमी दाब लागतो. शिसे-आम्ल बॅटरीत तो दर सेलला, दर अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्टने कमी करावा लागतो. जुन्या रचनेत बॅटरीजवळ संवेदक नसल्याने रेग्युलेटर स्वतःच्याच तापमानावरून बॅटरीचा अंदाज बांधतो. उतार दर अंशाला ७ मिलिव्होल्ट धरला, तर चिप ८० अंशांनी तापल्यावर १४.५चे १३.९ व्होल्ट होतात. बॅटरी प्रत्यक्षात तेवढी तापलेली नसली, तर ती अर्धपोटी राहते. यावरचा इलाज म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकावर स्वतंत्र संवेदक.

मोटारसायकलचा आरआर युनिट (रेग्युलेटर आणि रेक्टिफायर एकत्र) शंट पद्धतीचा असेल, तर जास्तीचा प्रवाह गुंडाळी शॉर्ट करून जिरवतो. त्यामुळे दिवे बंद करून जोरात गाडी चालवली की तो उलट अधिक तापतो.

लोड डंपपुढे, म्हणजे बॅटरी अचानक सुटल्यावर येणाऱ्या दाबाच्या झटक्यापुढे, हे निरीक्षण निरुपयोगी ठरते. चार्ज घेणारी बॅटरी अचानक सुटली, तर संरक्षण नसलेल्या १२ व्होल्ट प्रणालीसाठी आयएसओ १६७५०-२ हे मानक ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरते. ७८०५ची सोसण्याची हद्द ३५ व्होल्ट. चिप तापायच्या आधीच जळते. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मिळणारा साधा ७८०५ गाडीत जोडताना म्हणूनच पुढे झटका शोषणारा टीव्हीएस डायोड लावतात.

बाहेरून मोजताना चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन खूप कमी आकडा दाखवते; तिथे काळी टेप चिकटवून मोजतात. थर्मोकपल आवरणाचे तापमान देतो, त्यात चिपची वॅट-उष्णता गुणिले आतला उष्णतारोध मिळवावा लागतो. पावसाळ्यानंतर हीट सिंकच्या पात्यांत अडकलेला चिखल आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने चढलेला पांढरा थर काढला, की तोच रेग्युलेटर त्याच भाराला कमी तापतो.