पोर्तुगीज काळातली सरकारी नोकरी आणि लिस्बनची पेन्शन : कोणाला, कोणत्या कागदांवर?

"बाबा पोर्तुगिजांच्या वेळी सरकारी नोकरीत होते, लिस्बनहून पेन्शन मिळेल का?" गोव्यातल्या घरांतून हा प्रश्न अजून येतो. आधी एक तारीख पाहा : १ नोव्हेंबर १९९०.

गोवा मुक्त झाल्यावर इथेच राहिलेल्या कर्मचाऱ्यांना १९६५च्या कायद्याने भारतीय प्रशासनात सामावून घेतलं. त्यांची भारतीय पेन्शन हा वेगळा विषय. पोर्तुगालने मात्र अंगोला, मोझांबिक हातचे गेल्यावर २८ नोव्हेंबर १९७८ रोजी ३६२/७८ क्रमांकाचा कायदा केला आणि जुन्या वसाहतींतल्या कर्मचाऱ्यांना पेन्शनचा हक्क दिला. मोझांबिकात नोकरी केलेले गोंयकारही त्यात बसतात. अटी दोनच : किमान पाच वर्षं सेवा आणि पगारातून पेन्शनसाठी झालेली कपात.

पुढे २१०/९० क्रमांकाच्या कायद्याने ही सोय १ नोव्हेंबर १९९० पासून बंद केली. म्हणजे आज नव्याने अर्ज करून काही होत नाही. "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे मोजण्याआधी हे लक्षात ठेवा.

वाट उरते ती त्या तारखेपूर्वी अर्ज केलेल्यांना. पोर्तुगीज नागरिकत्वाचा पुरावा नाही म्हणून असे कितीतरी अर्ज बासनात गेले. या पेन्शनसाठी ती अट घालता येत नाही, असं तिथल्या प्रशासकीय न्यायालयांनी नंतर वारंवार सांगितलं. अशा अर्जदाराने लिस्बनच्या 'काइशा जेराल द आपोझेंतासोंइश' या पेन्शन संस्थेकडे जुनं प्रकरण पुन्हा उघडण्याची लेखी मागणी करावी. जुन्या अर्जाची पोच किंवा संस्थेचं त्या काळचं पत्र हाच सगळ्यात मोलाचा कागद. आधी घरातली ट्रंक उपसा.

सोबत सेवाकाळाचा दाखला, कपातीचा पुरावा, जन्मदाखला आणि पासपोर्टची प्रत लागते. सेवेचे कागद हरवले असतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. नेमणुका आणि बदल्या त्या वेळच्या 'बोलेतीं ओफिसियाल' या सरकारी राजपत्रात छापून येत. भारतीय कागदांना आपोस्तील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) आणि पोर्तुगीज भाषांतर जोडावं.

खरी गोची नावाची. जुन्या कागदावर 'पोरोबो', आधारवर 'प्रभू'. तिकडे 'कामोतीं', इकडे 'कामत'. लिस्बनमधल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा, वडिलांचं नावही दोन्ही तऱ्हांनी लिहा.

पेन्शन चालू असलेल्यांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला तर पैसे थांबू शकतात. पणजीत आल्तिनोवर पोर्तुगालचं वकिलातीचं कार्यालय आहे. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला तिथे नेण्याआधी वेळ ठरवून घ्या.