चार पौंडांची मर्यादा

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळायला अधिकृत मान्यता मिळाली ती १८८५ साली. तीन वर्षांनी फुटबॉल लीग सुरू झाली आणि १९०१ मध्ये फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेचा, नियम लागू झाला: कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही आणि सामना जिंकल्याचा बोनसही द्यायचा नाही. पगारमर्यादा ही टीव्हीच्या पैशाने सुजलेल्या फुटबॉलवरचा नवा उपाय आहे, अशा थाटात आज चर्चा होते. इंग्लिश फुटबॉलने मात्र ती साठ वर्षे वापरून पाहिली आहे, आणि तो सगळा हिशेब उपलब्ध आहे. तो वाचल्याशिवाय आजच्या वादातले पक्ष समजत नाहीत.

त्या काळच्या कारागिराच्या मानाने ४ पौंड वाईट नव्हते. बहुतेक खेळाडूंना तेवढेही मिळत नसत. जाच होता तो या नियमाला जोडून असलेल्या दुसऱ्या व्यवस्थेचा. १८९०च्या दशकापासून खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात होती. करार संपला तरी क्लब ती नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे. मग खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नसे आणि जुन्या क्लबने पगार देण्याचेही बंधन नसे. म्हणजे जास्त मागायची सोय नाही, आणि सोडून जायचीही नाही. १९०५ मध्ये मिडल्सब्रोने अल्फ कॉमनसाठी संडरलंडला १,००० पौंड मोजले. एवढ्या रकमेची बदली फुटबॉलमध्ये तोवर झाली नव्हती, म्हणून बराच गहजब झाला. पण ते पैसे एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे गेले. ज्याच्या पायांची ती किंमत होती, त्याच्या पगाराला नियमाने ४ पौंडांचीच हद्द होती.

अशा नियमातून पळवाटा निघणारच होत्या. १९०६ मध्ये मँचेस्टर सिटीची चौकशी झाली आणि क्लब मर्यादेबाहेर पैसे देत असल्याचे उघड झाले. १७ खेळाडू निलंबित झाले. त्यांच्यात बिली मेरेडिथ होता. वेल्समधल्या खाणीत कोवळ्या वयात राबलेला हा उजवा विंगर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने चढाई करणारा खेळाडू, त्या पिढीचा सर्वात मोठा तारा होता. निलंबन संपताच तो शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडून खेळू लागला आणि डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी करण्यात त्याने पुढाकार घेतला. तिच्या दोन प्रमुख मागण्या होत्या: पगाराची मर्यादा काढा आणि नोंदणीची बेडी सोडवा.

१९०९ मध्ये ही संघटना व्यापक कामगार चळवळीशी जोडली जाऊ लागली, तेव्हा असोसिएशनने फर्मान काढले की संघटना सोडा, नाहीतर खेळू देणार नाही. जवळपास सगळीकडचे खेळाडू नमले. मँचेस्टर युनायटेडचे नमले नाहीत. ते वेगळ्या मैदानावर सराव करत राहिले आणि ‘आउटकास्ट्स एफ.सी.’, म्हणजे बहिष्कृतांचा संघ, अशी पाटी समोर ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. हंगाम तोंडावर आला आणि असोसिएशनला संघटनेचे अस्तित्व मान्य करावे लागले. पगाराची मर्यादा तेवढी तशीच राहिली. तो फोटो आजही पाहायला मिळतो. व्यावसायिक खेळाच्या इतिहासात त्याइतका धीट फोटो दुसरा नसेल, असे मला वाटते.

पुढची जवळपास पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतात. पहिल्या महायुद्धानंतर मर्यादा ९ पौंडांपर्यंत गेली आणि १९२२ मध्ये ८ वर आली, म्हणजे चक्क कमी केली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती टप्प्याटप्प्याने वाढत १९५८ मध्ये २० पौंड झाली, तीही हंगामापुरती. उन्हाळ्यात १७.

मर्यादेच्या बाजूने एक युक्तिवाद सतत केला जाई: श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील, लहान गावांचे क्लब मरतील. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. बर्नलीसारख्या छोट्या गिरणगावाचा संघ १९६० मध्ये लीग जिंकला, तो याच व्यवस्थेत. पण याच व्यवस्थेत लंडनच्या श्रीमंत आर्सेनलने १९३०च्या दशकात पाच वेळा लीग जिंकली. पगार सगळीकडे सारखा असला, तरी बदलीची रक्कम मोजायची ऐपत सारखी नव्हती. मर्यादेने स्पर्धा सारखी केली असे म्हणणे धाडसाचे आहे. तिने खेळाडू स्वस्त केले, एवढे मात्र निर्विवाद.

किती स्वस्त, ते टॉम फिनीच्या बाबतीत दिसते. इंग्लंडचा हा विंगर प्रेस्टनमध्ये प्लंबिंगचा धंदाही सांभाळायचा. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला करारावर सही करण्याचेच १०,००० पौंड देऊ केले, वर बंगला आणि गाडी. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय संपला. नोंदणी क्लबकडे होती, फिनीला विचारायची गरजच नव्हती. १९५५ मध्ये संघटनेचे अध्यक्ष जिमी गथ्री ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत उभे राहिले आणि ब्रिटनमधल्या शेवटच्या वेठबिगारांचा प्रतिनिधी म्हणून मी इथे आलो आहे, असे त्यांनी सांगितले. काहींना हे भडक वाटेल. फिनीचे प्रकरण डोळ्यासमोर ठेवले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

१९५७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. वेल्सचा जॉन चार्ल्स लीड्स सोडून इटलीच्या युव्हेंटसला गेला. बाहेरच्या बाजारात काय भाव आहे, हे त्यातून सगळ्यांना दिसले. आणि संडरलंडचे छुपे पैसे उघडकीस आले. मैदानावर अंथरायचा पेंढा, डांबर अशा खरेदीची बिले फुगवून उरलेली रोकड खेळाडूंकडे वळवली जात होती. क्लबला ५,००० पौंड दंड झाला आणि संचालकांवर बंदी आली. मर्यादा ज्यांच्या सोयीची होती, तेच ती अशी मोडत होते.

त्याच वर्षी फुलहॅमचा जिमी हिल संघटनेचा अध्यक्ष झाला. दाढीवाला, बोलका, वर्तमानपत्रांशी कसे वागावे हे जाणणारा माणूस. १९५८ मध्ये संघटनेचे नाव प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, म्हणजे आजची पीएफए, असे झाले. सचिव क्लिफ लॉइड कागदपत्रांत पक्का होता. दोघांनी गावोगावी खेळाडूंच्या बैठका घेतल्या. मँचेस्टरच्या बैठकीत एका तरुण खेळाडूने विचारले की माझे वडील खाणीत राबून माझ्याहून कमी मिळवतात, मग २० पौंडांत काय वाईट आहे? बोल्टनचा बचावपटू टॉमी बँक्स उठला. खाणीतले काम अवघड आहे हे मला ठाऊक आहे, असे तो म्हणाला, पण तुझे वडील कोळसा खणताना बघायला तीस हजार लोक तिकीट काढून येत नाहीत. मी शनिवारी स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवायला उतरतो तेव्हा येतात. दारावर जमणारे पैसे कोणामुळे येतात आणि जातात कोणाकडे, हा साठ वर्षांचा प्रश्न त्याने दोन वाक्यांत मांडला.

२१ जानेवारी १९६१ रोजी संप ठरला होता. तीन दिवस आधी, १८ जानेवारीला तडजोड झाली आणि कमाल पगाराचा नियम गेला. फुलहॅमचे अध्यक्ष, विनोदी नट टॉमी ट्रिंडर, आधीच बोलून चुकले होते की परवानगी असती तर जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले असते. परवानगी मिळाली आणि हेन्सला १०० पौंड मिळाले.

नोंदणीची बेडी तुटायला आणखी वेळ लागला. न्यूकॅसलने जाऊ दिले नाही म्हणून जॉर्ज ईस्टहॅमने खेळणे थांबवले आणि काही महिने तो बूच विकण्याच्या कामाला लागला. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यूकॅसलने त्याला आर्सेनलला ४७,५०० पौंडांना विकले. त्याचे काम झाले होते, तरीही तो संघटनेच्या पाठबळावर खटला लढला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की करार संपल्यावर खेळाडूला अडवून ठेवणे म्हणजे त्याच्या व्यवसायावर अवाजवी बंधन आहे. उरलेले काम १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने केले. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यात ठरले की युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबकडे बदलीच्या रकमेशिवाय जाऊ शकतो. क्लबकडे जाणारा पैसा खेळाडूच्या पगारात वळू लागला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर लीगकडे, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीकडे, टीव्हीचा पैसा होताच.

मग खर्चाला लगाम घालण्याचे प्रयत्न पुन्हा सुरू झाले, पण नव्या रूपात. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था युएफाने २००९ मध्ये आर्थिक शिस्तीचे नियम मंजूर केले. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ च्या हंगामापर्यंत तीन वर्षांत मिळून १०५ दशलक्ष पौंडांपर्यंत तोटा चालत असे. त्यापलीकडे गेल्याबद्दल एव्हर्टनचे २०२३ मध्ये १० गुण कापले गेले आणि अपिलात ते ६ झाले. हिशेबाची कसरतही चालू राहिली. बदलीची रक्कम कराराच्या वर्षांवर विभागली जाते, म्हणून चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार केले आणि दर वर्षीचा आकडा लहान दिसू लागला. २०२३ मध्ये ही विभागणी पाच वर्षांवर आणली गेली. संडरलंडच्या पेंढ्याच्या बिलांप्रमाणे इथे काही लपवलेले नव्हते, हा फरक महत्त्वाचा आहे.

या सगळ्यात पगाराच्या आकड्यालाच थेट हात घातला गेला तो २०२० मध्ये. ‘बरी’ नावाचा क्लब आदल्या वर्षी लीगमधून हाकलला गेला होता, कोविडमुळे मैदाने रिकामी होती आणि खालच्या पातळीवरचे क्लब खरोखर धास्तावले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी मतदान करून तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबला वर्षाला २५ लाख पौंड आणि चौथ्या श्रेणीतल्या क्लबला १५ लाख पौंड अशी पगारखर्चाची मर्यादा घातली. पीएफए लवादात गेली. रोजगाराच्या अटी बदलायच्या तर खेळाडूंच्या संघटनेशी ठरलेल्या समितीत वाटाघाटी करायला हव्यात, त्या झाल्या नाहीत, हा तिचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने तो मान्य केला आणि मर्यादा रद्द झाली. मला या निकालात १९०१ची दुरुस्ती दिसते. क्लबांची अडचण खरी होती, पण ज्याच्या पगाराला हात लावायचा त्याला टाळून ती सोडवता येत नाही.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये १९९४ पासून कडक पगारमर्यादा आहे आणि ती टिकली आहे. पहिल्या वर्षी ती ३४.६ दशलक्ष डॉलर होती. तिच्याआधी १९८२ आणि १९८७ चे संप झाले, न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा झाला आणि १९९३ मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात करार झाला. मर्यादा मान्य करताना खेळाडूंनी उत्पन्नातला ठरलेला वाटा आणि करार संपल्यावर क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य घेतले. उत्पन्न वाढले की मर्यादाही वर जाते. २०२४ मध्ये ती २५५.४ दशलक्ष डॉलर होती. इंग्लंडला याची सरळ नक्कल जमणार नाही, कारण एनएफएलचा खेळाडू जाणार कुठे? इंग्लंडचा खेळाडू माद्रिदला, म्युनिकला किंवा रियाधला जाऊ शकतो.

तरीही प्रस्ताव येत राहतात. तळाच्या क्लबला टीव्ही आणि बक्षिसांतून जेवढे मिळते, त्याच्या पाचपटीपर्यंतच कोणत्याही क्लबचा संघावरचा खर्च रोखायचा, ही ‘अँकरिंग’ची कल्पना प्रीमियर लीगमध्ये चर्चेला आली. पीएफएने तिला विरोध केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनीच ती मतदानात फेटाळली आणि त्याऐवजी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवण्याचा नियम २०२६-२७ च्या हंगामापासून स्वीकारला. त्यामुळे ज्याचे उत्पन्न मोठे, त्याला खर्चाची मुभाही मोठी मिळेल.