घुबडाच्या नाण्यातलं शिसं

नाण्यावरचं चित्र ओळखलं की नाणं कुठलं ते कळतं, असा सर्वसाधारण समज आहे. प्राचीन अथेन्सच्या चार द्राख्मांच्या चांदीच्या नाण्यापुढे तो टिकत नाही. सुमारे 17 ग्रॅम वजनाच्या या नाण्यावर एकीकडे शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसरीकडे तिचं घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरं असतात. बाजारात या घुबडाला एवढी पत होती की इजिप्तमध्येही त्याच्या नकला पाडल्या गेल्या. इ.स.पू. 375च्या सुमाराच्या अथेन्सच्या कायद्यानुसार भर बाजारात सरकारी पारखी बसे. आत तांबं किंवा शिसं असलेलं नाणं सापडलं, तर तो ते तिथेच चिरत असे.

  

चित्राची नक्कल होते, पण धातूच्या जन्मखुणेची होत नाही. अथेन्सची चांदी अ‍ॅटिका या अथेन्सच्याच परिसरातल्या लॉरियनच्या खाणींतून येई, आणि तीही शिशाच्या खनिजात मिसळलेली. खनिज भट्टीत घालून आधी चांदीमिश्रित शिसं काढत. मग ते सुमारे हजार अंशांवर हवेच्या झोतात तापवत. शिशाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन मुर्दाडशिंग बने, चांदी मात्र तशीच मागे राही. तरी शिशाचा थोडा अंश चांदीत उरतोच, आणि खरी गंमत त्या अंशातच आहे.

शिशाचे चार स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे पण वेगवेगळ्या वजनांचे अणू, आहेत. शिसं-204 पृथ्वीच्या जन्मापासून तेवढंच आहे. 206 आणि 207 युरेनियमच्या दोन समस्थानिकांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून वाढत जातात, 208 थोरियमच्या. खनिज तयार होताना शिसं युरेनियम-थोरियमपासून वेगळं झालं की ही वाढ थांबते आणि चौघांचं गुणोत्तर त्या क्षणी गोठतं. म्हणून खनिजाचं वय आणि मूळ खडक बदलला की गुणोत्तरही बदलतं. भट्टीला मात्र हा फरक दिसत नाही, कारण चौघांचे रासायनिक गुण जवळपास सारखेच असतात. नाण्यातून काढलेला सूक्ष्म कण वस्तुमान-वर्णपटमापीत, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तपासला की हे गुणोत्तर मिळतं आणि ते खाणींच्या नमुन्यांशी ताडून पाहता येतं.

दोन खाणींची चांदी एकत्र वितळवली असेल, तर उत्तर अधलंमधलं येतं. अशा वेळी सोन्याचं प्रमाणही मोजतात. लॉरियनच्या चांदीत ते फारच कमी असतं.