स्टुडिओ छायाचित्रणातील दृश्य प्रकाशझोत

बंदिस्त जागेत दिव्याच्या किंवा आत वळवलेल्या सूर्यप्रकाशाच्या किरणांचा मार्गच छायाचित्रात उमटावा, यासाठी केली जाणारी प्रकाशयोजना. समोरून आडवा जाणारा प्रकाश स्वच्छ हवेत दिसत नाही. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांनी तो विखुरला, तरच त्याची वाट उजळते. जॉन टिंडल (१८२०–९३) या आयरिश भौतिकीविज्ञाच्या नावावरून याला टिंडल परिणाम म्हणतात.

हे कण पुरवणारे फॉग मशीन ग्लायकॉल व पाण्याचे मिश्रण तापवून दाट धूर सोडते, तर हेझरमधून विरळ, एकसारखे व बराच वेळ टिकणारे धुके मिळते. झोतासाठी हेझरच सोयीचा. फॉग मशीनच वापरायचे झाल्यास धूर कोपऱ्यात सोडून पंख्याने पसरवतात आणि त्याचे पुंजके विरेपर्यंत थांबतात. कोरड्या बर्फाचे (घन कार्बन डाय-ऑक्साइडचे) धुके जमिनीलगतच राहत असल्याने उंचावरून येणाऱ्या झोताला त्याचा उपयोग नाही. धूर जास्त झाला, की झोत ठळक होण्याऐवजी सारे दृश्यच करडे पडते. नवशिक्यांच्या छायाचित्रांत हा दोष हमखास आढळतो.

दिवा लहान आकाराचा व उघडा हवा. सॉफ्टबॉक्सच्या (दिव्यावर बसवायच्या, पुढे पांढरे कापड असलेल्या पेटीच्या) पसरट उजेडाला झोताची कड येत नाही. दिव्यापुढे पट्ट्यांचा पडदा किंवा भोके पाडलेला पुठ्ठा धरून प्रकाश कापतात. असे कण बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेने विखुरतात, म्हणून दिवा विषयाच्या (जिचे छायाचित्र घ्यायचे त्या व्यक्तीच्या वा वस्तूच्या) मागे, किंचित कॅमेऱ्याकडे रोखून, पण चौकटीबाहेर ठेवतात आणि पार्श्वभूमी काळी राखतात. कॅमेऱ्याशेजारच्या दिव्याने झोत जवळजवळ उमटत नाही.

दिवा जवळ असेल, तर झोत पंख्यासारखे फाकतात आणि उन्हाचा आभास फसतो. यावरचा गाजलेला उपाय मुंबईतील मेहबूब स्टुडिओत योजला गेला. ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटासाठी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांवरून खरे ऊन आत वळवले. सूर्य दूर असल्याने त्याचे किरण समांतर राहिले. आरशांची सोय नसल्यास तीव्र दिवा शक्य तितका लांब नेतात.

फ्लॅशच्या क्षणिक उजेडात धुराच्या वेटोळ्या गोठलेल्या दिसतात. झोत सपाट व गुळगुळीत हवा असल्यास सतत जळणाऱ्या दिव्यावर शटर सेकंदभर किंवा अधिक उघडे ठेवतात. तेवढा वेळ विषयाने मात्र स्थिर राहिले पाहिजे, आणि म्हणूनच ही रीत माणसांपेक्षा वस्तूंच्या छायाचित्रणाला अधिक मानवते.