जुन्या गाडीला सेल्फ बसवणे

जुन्या वाहनाची बिघडलेली स्टार्टर मोटर काढून दुसरी बसवणे आणि तिचे पिनियन (पुढचे छोटे दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगशी जुळवणे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात या मोटरीला ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ गेलेली जीप उतारावर लावून दिवस काढता येतात. उसाची ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला ती सोय नसते.

नवा सेल्फ जुन्याशेजारी ठेवून पिनियनचे दात, फिरण्याची दिशा, फ्लँजची (मोटर बोल्टने बसते त्या कडेची) भोके, नाकाची (पिनियनकडच्या पुढच्या भागाची) लांबी आणि व्होल्टेज (१२ की २४) ताडून पाहावे. दिसायला सारखा पण एका दाताने वेगळा सेल्फ रिंग खाऊन टाकतो. इंजिन हाताने पूर्ण फिरवून रिंगही तपासावी. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबते, म्हणून दात तिथेच झिजलेले सापडतात.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. फ्लँज आणि बेल हाउसिंगचे (फ्लायव्हीलवरच्या आवरणाचे) तोंड घासून स्वच्छ करावे. सेल्फला अर्थिंग याच तोंडातून मिळते; नव्या मोटरीवरचा रंग तसाच राहिला तर सेल्फ जड फिरतो. बोल्ट आधी हाताने लावून मोटर सरळ बसल्यावरच आवळावेत. एका बोल्टने मोटर ओढून बसवली की ती तिरकी बसते आणि ॲल्युमिनियमच्या फ्लँजचा कान तुटतो.

जुळवणीत सर्वाधिक घोटाळा शिमचा, म्हणजे फ्लँजखाली घालायच्या पातळ पत्र्याचा. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि ट्रॅक्टरांत सेल्फचे तोंड बेल हाउसिंगच्या गोल खाचेत बसते. पिनियन आणि रिंग यांच्या मध्यांमधले अंतर ही खाचच ठरवते. फ्लँजखाली शिम घातली तर मोटर फक्त मागे सरकते. दात किती खोल गुंततात यात काही बदल होत नाही. तरी दात खरवडले की पहिला हात शिमकडेच जातो. पाहायचे असते ते चुकीचे पिनियन, झिजलेला बुश (मोटरीचा दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) किंवा फ्लँजमध्ये अडकलेला चिखल. ब्लॉकच्या बुडाला उभ्या बोल्टांनी टांगलेल्या सेल्फमध्ये, उदाहरणार्थ बऱ्याच जुन्या अमेरिकन इंजिनांत, शिमने अंतर खरोखर बदलते. तिथे पिनियन रिंगमध्ये गुंतवून दाताचे टोक आणि समोरची खोबण यांत तार घालून पाहतात: ०.५ मिमीची गेली पाहिजे, १.५ मिमीची जाता कामा नये. सेल्फ फिरत असतानाच किंचाळला तर अंतर जास्त. इंजिन सुरू होऊन चावी सोडताना किंचाळला तर कमी.

काही गाड्यांत पुढचा बुश बेल हाउसिंगमध्येच राहतो, आणि नवी मोटर जुन्या बुशात फिरते. तो बदलावाच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर मापाचा बुश करून मिळतो. सच्छिद्र ब्राँझचा तयार बुश मात्र बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा; ग्रीस लावले तर छिद्रे बुजतात. जुन्या पद्धतीच्या बेंडिक्सला (पिनियन पुढे सरकवणाऱ्या आट्यांच्या यंत्रणेला) तर तेलही लावू नये. खानापूरकडची तांबडी माती तेलावर चिकटून पावसाळ्यात पिनियन जाम होते.

शेवटी सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर ९.६ व्होल्टांहून कमी दिसले तर आधी बॅटरी आणि वायरी तपासाव्यात. जीपसारख्या गाडीत इंजिन रबरी माउंटिंगवर असते. चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी तुटली की करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, आणि पुन्हा मारण्याआधी निदान अर्धा मिनिट थांबावे.